दुसऱ्या लाँड्रीची खूण

डागमावशींचं बाप्तिस्म्याचं नाव आता फक्त देवाला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकी चर्चच्या अख्ख्या पॅरिशसाठी त्या डागमावशीच. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं कोण जाणे, पण ते असं पक्कं बसलं की खुद्द मावशींनाही काढता आलं नाही. आयुष्यात त्यांच्या हातून न निघालेला तेवढा एकच डाग.

नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी उभी हयात लाँड्री चालवली होती. शाई, ग्रीस, गंज, रक्त, लग्नाच्या कोटावर सांडलेलं आइस्क्रीम, काही म्हणजे काही त्यांच्यापुढे टिकत नसे. नवरा गेला, दुकान बंद झालं, मावशी घरी बसल्या आणि घराचे हाल सुरू झाले. सोफ्याची कव्हरं आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यात जाऊ लागली. पडदे धुऊन धुऊन जाळीदार झाले. एक दिवस सुनेने हौसेने आणलेली, कारखान्यातच रंगाचे शिंतोडे उडवलेली महागडी पँट मावशींनी दुपारभर खपून कोरी करकरीत केली आणि विजयी मुद्रेने तिच्या पलंगावर ठेवली.

"आई, अहो ती तशीच होती!" सून रडकुंडीला आली. "एकदा विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात? डाग तो डाग," मावशी म्हणाल्या.

सून शहाणी. भांडली नाही. पुढच्या रविवारी चर्चमधला मिस्सा संपल्यावर तिने तिथल्या सिस्टरला गाठलं आणि दोघी बराच वेळ कोपऱ्यात कुजबुजत उभ्या राहिल्या. सिस्टरला धुलाईघरासाठी जाणतं माणूस हवं होतं आणि सुनेला घरातले उरलेसुरले कपडे वाचवायचे होते. एका दगडात दोन पक्षी, आणि पक्षीही खूश.

धुलाईघर म्हणजे चर्चच्या मागची, पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली. पॅरिशची सेवेची कामं बरीच होती. कुणी आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसे, कुणी शनिवारचा स्वयंपाक करी, कुणी जुने कपडे गोळा करी. धुलाईघर त्यातलं सगळ्यात धाकटं. दोन मशीन, एक दगडी मोरी, एक इस्त्रीचं टेबल आणि ओल धरलेली एक भिंत, एवढाच त्याचा संसार. दर बुधवारी रस्त्यावर झोपणारी, रात्रनिवाऱ्यात राहणारी, दहा जणांत एक नळ असलेली माणसं आपले कपडे घेऊन येत. कपडे धुऊन वाळेपर्यंत त्यांना पॅरिशमधल्या बायकांनी शिवलेले स्वच्छ झगे मिळत, आणि शेजारच्या खोलीत चहा.

सिस्टरचे नियम मोजके, पण कडक. येणारा तो पाहुणा. त्याला दुसरं काही म्हणायचं नाही. एका पाहुण्याचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, मग मशीन अर्धं रिकामं फिरलं तरी चालेल. आणि प्रत्येक कपडा पाहुण्यासमोर धरून विचारायचं, "यातलं काही ठेवायचंय का?"

पहिले दोन नियम मावशींना फार आवडले. तिसरा ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "डागाला काय विचारायचं? राहतोस का जातोस, बाबा?"

सिस्टर हसली. "डागाला नाही हो मावशी. माणसाला विचारायचं."

पण मावशींचं काम बघावं तर बघतच राहावं. ज्या शर्टाला दुसऱ्याने चिमटीत धरलं असतं, तो त्या दोन्ही हातांनी घेत. फाटका खिसा टाचत, तुटलं बटण लावत, आणि इस्त्री तर अशी करत की उद्या हा माणूस नवरदेव होऊन बोहल्यावर चढणार आहे. घडी पाहुण्याच्या हातात देताना म्हणत, "घ्या, राजे." माणसं खरोखरच ताठ होऊन बाहेर पडत. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेली ही बाई दिवसभर उभी राही, आणि खुर्ची पुढे केली की म्हणे, "इस्त्री काय बसून होते?"

मावशींचा स्वतःचाही एक नियम होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. वाटलेल्या जुन्या कपड्यांच्या कॉलरमागे पुष्कळदा कुठल्यातरी लाँड्रीची खूण असे, शाईने लिहिलेले आकडे, अक्षरं, फुल्या. ती खूण मावशी काढून टाकत. लहानपणी त्या स्वतः अशाच मिळालेल्या कपड्यांवर वाढल्या होत्या. शाळेत एका मुलीने त्यांची कॉलर उलटून आतली खूण मोठ्याने वाचली होती, कारण लाँड्रीने तिच्याच घरच्या कपड्यांना दिलेली ती खूण होती. सगळा वर्ग हसला. साठ वर्षं उलटली, पण ते हसू मावशींच्या मानेमागे अजून टोचत होतं. माझ्या हाताखालून जाणाऱ्या कपड्यावर दुसऱ्याची खूण राहणार नाही, ही त्यांची शपथ.

आणि तीच शपथ एका बुधवारी नडली.

त्या दिवशी सिस्टर एका आजाऱ्याबरोबर हॉस्पिटलात गेली होती. धुलाईघरात मावशी आणि कंडक्टरकाका दोघेच. काका निवृत्त बस कंडक्टर. "पुढे सरका, पुढे सरका" करत जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, आणि कानही थोडे गेलेले. कपडे गोळा करून आणणं आणि डाग टिपलेली फडकी संध्याकाळी उकळून ठेवणं ही त्यांची कामं. पहिलं ते उत्साहाने करत. दुसऱ्याच्या वेळी त्यांना हटकून कुठेतरी जायचं असे.

दुपारी एक नवा पाहुणा आला. उंच, खांदे रुंद, डावा पाय ओढत चालणारा. घरं रंगवायचं काम करायचा, परांचीवरून पडला, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला, काम गेलं, भाड्याची खोली गेली. आता रात्रनिवाऱ्यात झोपत होता. त्याने शर्ट काढून दिला. त्यावर हिरवा, पिवळा, निळा, पांढरा असे सगळे रंग हजर होते. मावशींचे डोळे लकाकले. कित्येक दिवसांत असा तोलामोलाचा गडी भेटला नव्हता.

"जा भाऊ, चहा घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि कॉलर उलटली.

आत निळ्या बॉलपेनने दोन ओळींत आकडे लिहिले होते. झालं! दुसऱ्या लाँड्रीची खूण. मावशींनी सगळ्यात आधी तिचाच समाचार घेतला. कॉलर फडक्यावर पालथी घातली, मागून स्पिरिटचा बोळा टेकवत टेकवत शाई फडक्यात उतरवली, फडकं बदललं, पुन्हा टेकवलं. मग टर्पेंटाइन काढलं आणि रंगांकडे वळल्या. ऊन कलेपर्यंत शर्ट असा झाला की दुकानातल्या काचेआड ठेवावा.

"घ्या, राजे."

रंगारी बघतच राहिला. त्याच्या तोंडावर हसू आलं. मग त्याने सवयीने कॉलर उलटली, उजेडाकडे धरली, पुन्हा उलटून पाहिली. हसू होतं तिथेच थिजलं.

"इथं नंबर होता," तो म्हणाला.

"लाँड्रीचा ना? काढला मी."

"लाँड्रीचा नव्हता, मावशी. लेकीचा होता."

मावशींच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. टेबलावर अंथरलेली चादर जळू लागली, तेव्हा काकांनी धावत येऊन बटण बंद केलं.

रंगारी कुणावर ओरडला नाही. बाकावर बसला आणि तुटक तुटक सांगत गेला. मोबाइल हॉस्पिटलात चोरीला गेला. लेक नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात गेलेली, पत्ता माहीत नाही. जुन्या शेजाऱ्याकडून नंबर मिळवला, कागद हरवेल म्हणून शर्टावर लिहिला. आता ती राहती इमारतही पाडली आणि शेजारीही कुठे गेला देव जाणे.

"मग इतके दिवस फोन का नाही केलात?" मावशींनी विचारलं. विचारायला नको होतं, पण जीभ पुढे गेली.

"काय सांगणार होतो? बाप निवाऱ्यात झोपतो म्हणून? पाय बरा झाला, काम मिळालं की करू म्हटलं." त्याने दुखरा पाय चोळला. "करणारच होतो असंही नाही, मावशी. पण करता आला असता."

मग उठून त्याने शर्ट अंगात घातला, बटणं लावली आणि म्हणाला, "असू दे. शर्ट छान झालाय." आणि पाय ओढत निघून गेला.

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मावशींना बरं वाटलं असतं. त्या मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. वर्गातल्या त्या मुलीने निदान खूण वाचली तरी होती. आपण वाचलीही नाही.

रडता रडता एकदम ताठ झाल्या. "फडकी!"

"काय?" काका ओरडले.

"पहिलं टिपलेलं फडकं! शाई त्यात उतरलीय. फडकी उकळलीत का?"

काकांनी नेहमीच्या तयारीने सांगितलं, "हो, मघाशीच!"

"मघाशीच?" मावशींचा चेहरा पडला. तो बघून काकांनाच राहवेना. ते डब्याकडे गेले, झाकण उघडलं, मान खाली घातली. "म्हणजे... उकळणार होतो. मागच्या बुधवारचीही तशीच आहेत."

मावशी त्यांना दर बुधवारी ज्या कामावरून धारेवर धरत, त्याच कामात त्या दिवशी काका त्यांना देवदूत वाटले. आळसाला एवढं गोड फळ आलेलं पॅरिशमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

फडकं सापडलं. पण त्यावरचे आकडे उलटे, फुटलेले, एकमेकांत विरघळलेले. मावशींनी ते घरी नेऊन सुनेपुढे ठेवलं आणि काय घडलं ते एकही शब्द न लपवता सांगितलं. सुनेला त्या पँटची आठवण झाली असणारच. तिने मोबाइलवर फडक्याचा फोटो काढला, तो उलटा फिरवला, उजेड कमीजास्त केला. एकेक आकडा धुक्यातून यावा तसा वर आला. शेवटचे दोन मात्र काही केल्या येईनात. तिथे मावशींचा हात जरा जोरात चालला होता.

"दोन आकडे नाहीत म्हणजे शंभर नंबर होतात, आई."

"मग शंभर फोन करायचे! रविवारी अख्खी पॅरिश असते. सिस्टरला सांगते, फादरांना सांगते, मिस्सा झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये..."

"आई," सून हळूच म्हणाली. "त्यांना विचारलंत?"

मावशींनी फडक्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या रात्रनिवाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. लोक कामाच्या शोधात बाहेर पडत होते. रंगारी दिसला तेव्हा मावशींनी सगळं सांगितलं आणि शेवटी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, म्हणाल्या, "तुम्हाला चालेल का, भाऊ? नको म्हणालात तर फडकं आत्ता तुमच्या हातात देते. परत विषय काढणार नाही."

रंगाऱ्याने कॉलर चाचपली. "ती नको म्हणाली तर?"

"ठाऊक नाही, भाऊ," मावशी म्हणाल्या. नसलेलं उत्तर त्यांनी दिलं नाही, हेही नवीनच.

"करा," तो शेवटी म्हणाला. "पण मी फोनपाशी बसणार नाही. मला काहीतरी काम द्या तिथं."

रविवारी मिस्सा संपला आणि लोक घरी गेलेच नाहीत. स्वयंपाकवाल्यांनी चहाचं आधण ठेवलं. आजाऱ्यांकडे जाणाऱ्या बायका, गायनमंडळ, शाळेच्या बाकांवर न मावणारी तरणी पोरं, सगळी हॉलमध्ये आपापले मोबाइल घेऊन बसली. सुनेने प्रत्येकाला थोडे थोडे नंबर वाटून दिले. सिस्टरने उभं राहून बजावलं, "आधी विचारायचं, बोलायला वेळ आहे का. मग विचारायचं, तुमचे वडील रंगारी आहेत का. 'नाही' आलं तर माफी मागायची. 'हो' आलं तर आपण गप्प. पुढचा शब्द त्यांचा, आपला नाही."

आणि हॉलभर एकच कलकल सुरू झाली. एकाला पलीकडच्याने चोर ठरवलं. एका बाईला वाटलं, घर रंगवून देण्याची जाहिरात आहे, ती दर विचारत बसली. एका नंबरावर एक आजोबा भेटले; त्यांना मूलबाळच नव्हतं, पण फोन ठेवायचा नव्हता. आजाऱ्यांकडे जाणाऱ्या गटातल्या एका बाईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पत्ताही. ती आता दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. चूक एका कॉलरवर झाली आणि तिचा फायदा कुठल्या कुठे पोचला, याला काय म्हणावं!

रंगारी मात्र मागे धुलाईघरात होता. सिस्टरने त्याला ओल धरलेली भिंत दाखवली होती. त्याने ती आधी खरवडली, भरली, आणि आता लांब दांड्याच्या रोलरने तिच्यावर फिका निळा रंग चढवत होता. तोच, स्वच्छ केलेला शर्ट अंगात. बाह्यांवर नवे शिंतोडे उडत होते. मावशी इस्त्रीच्या टेबलापाशी बसल्या होत्या. होय, चक्क बसल्या होत्या. हातात माळ होती, पण प्रार्थना पुढे सरकत नव्हती.

दारात कंडक्टरकाका आले. पावलं न वाजवता. दोन्ही हातांत मोबाइल असा धरलेला, जसा काठोकाठ भरलेला पेला.

"मावशी," ते कुजबुजले. काकांचा कुजबुजता आवाज त्या चर्चने पहिल्यांदाच ऐकला. "ती 'हो' म्हणाली."

मोबाइलचा आवाज काकांच्या कानांच्या बेताने ठेवलेला होता. त्यामुळे खोलीभर ऐकू आलं, "हॅलो? कोण बोलतंय? बाबांना काय झालंय का?"

रोलर भिंतीवर थांबला. मावशींनी मोबाइल घेतला. त्यांचा हात सरळ रंगाऱ्याच्या कानाकडे निघाला होता. निम्म्या वाटेत त्यांनी तो आवरला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "लेक आहे. बोलायचं का?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. रंगाऱ्याने दोनदा होकाराची मान हलवली, मग आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "हात भरलेत माझे."

"मी धरते."

मावशी टाचा उंचावून उभ्या राहिल्या आणि मोबाइल त्याच्या कानाला लावला.

"बाबा?"

"हं."

"तू आहेस ना? खरंच तू आहेस?"

"हो गं." त्याने रोलर भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू नंबर बदलला असशील."

"सगळे म्हणत होते बदल, इथला घे. नाही बदलला मी." तिचा आवाज फुटला. "तुझ्याकडे हाच असणार होता ना!"

रंगाऱ्याने ओल्या भिंतीला कपाळ टेकवलं. मग त्याने आधाराला हात पुढे केला आणि मावशींचा दंड घट्ट धरला. तसाच धरून तो बोलत राहिला, रडत राहिला, मधेच हसला. मावशींचा हात अवघडला, गुडघे बोंबलू लागले, पण मोबाइल कानावरून तसूभर हलला नाही. काका दाराकडे तोंड करून उभे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते फक्त हाताने खुणावत होते, मागे सरका, मागे सरका.

लेक पुढच्या रविवारी येणार होती. रंगारी म्हणाला, तोवर भिंतीला रंगाचा दुसरा हात मारून होईल.

संध्याकाळी घरी आल्यावर सुनेला दिसलं ते मावशींच्या मिस्साच्या पांढऱ्या शुभ्र ब्लाउजच्या बाहीवर. निळी बोटं, एकेक बोट मोजून घ्यावं इतकी स्पष्ट. ती आत जाऊन टर्पेंटाइनची बाटली आणि बोळा घेऊन आली.

"द्या आई, ओलं आहे तोवर निघेल."

"खबरदार!" मावशींनी बाही मागे घेतली. "विचारलंस का?"

सुनेने बाटली खाली ठेवली आणि अगदी सिस्टरसारखं, रीतसर विचारलं, "यातलं काही ठेवायचंय का?"

"हो," मावशी म्हणाल्या. "सगळंच."